आयेचं मनगट

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला तर मुळीच नाही — कारण ती त्याची आई होती.

मी मातीचे रंग करते. माती कुटायची, भिजवायची, फडक्यातून गाळायची, खाली बसलेला साका वाळवून डिंकात घोटायचा. सावंतवाडीत लोक माझ्याकडे शिकायला येतात. आणि मला कुणी शिकवलं? सासूने. आम्ही तिला आये म्हणायचो. कुठल्या दरडीची माती भिंतीवर टिकेल, कुठलीचे पोपडे निघतील, हे ती जिभेवर कण ठेवून सांगायची.

मग म्हातारपणी तिचं भान सुटत गेलं. माणसांची नावं विसरली, जेवल्याचं विसरली. माती तेवढी विसरली नाही — दिसेल त्या टोपात हात घालायची.

इन्सुलीकडे एक पिवळी माती मिळायची. ती दरड रस्त्यासाठी कापली गेली. शेवटचं घमेलंभर मी आणलं होतं, कसालला एका सभागृहाची भिंत रंगवायची होती म्हणून. पंधरा दिवस टोपात बसवून ठेवलं होतं. त्या दुपारी मागच्या पडवीत गेले तर टोप पालथा, आणि आये पिवळ्या चिखलात बसून जमीन सारवत होती. माझ्याकडे बघून हसली.

मी — राग आला म्हणू? नुसता राग नव्हता तो. माती तिला माझ्याहून जास्त कळायची, त्याचा डंख जुना होता. मी तिचे केस धरले. तोंड चिखलात दाबलं. वर काढलं, पुन्हा दाबलं. "खा आता," म्हटलं. ती हात टेकून उठू बघत होती. पाट्यावर वरवंटा होता. तो मी तिच्या मनगटावर मारला. एकदा नाही — दोनदा. दुसऱ्या वेळी हाड मोडल्याचा आवाज आला. तो ऐकूनही माझा हात तिसऱ्यांदा वर गेला.

ती ओरडली नाही. "माका मारू नको गो," एवढंच म्हणाली, अगदी हळू. म्हणून थांबले का मी? नाही. बाहेर नवऱ्याची मोटारसायकल वाजली, म्हणून थांबले.

घसरून पडली, असं त्याला सांगितलं. दवाखान्यात डॉक्टरांनी तिलाच विचारलं. तिने आधी माझ्याकडे बघितलं.

"मीच पडलंय," म्हणाली. "पाय सरकलो."

विसरली असेल, असं मी स्वतःला सांगत राहिले. पण विसरलेलं माणूस इतकं नेमकं खोटं बोलतं?

दुसऱ्या दिवशी मी जमिनीवरची माती खरवडली, तीनदा गाळली आणि पुढे तिनेच कसालची ती भिंत रंगवली. भिंतीचं कौतुक झालं. सून म्हणूनही झालं — पुढची दोन वर्षं तिला मीच भरवलं, मीच न्हाऊ घातलं.

ती गेली त्या दिवशी सकाळी मी तिचं तोंड पुसायला वाकले. तिने वाकडा सांधलेला हात कसाबसा उचलून तोंडाआड धरला. नवरा शेजारीच उभा होता. "आयेक काय व्हया?" त्याने मला विचारलं.

"काय नाय," मी म्हटलं, आणि तो हात बाजूला करून तिचं तोंड पुसलं.