चौसष्ट घरांचा पोस्टमन

आमचे गुरुदासकाका देवबागचे पोस्टमन होते. पस्तीस वर्षं त्यांनी सायकल मारली. एका अंगाला खाडी, दुसऱ्या अंगाला समुद्र आणि मधे जेमतेम एक रस्ता; चुकायला जागाच नाही. कुणाचा मुलगा दुबईला चिकटला, कुणाचं सासरी पटत नाही, सगळं काकांना ठाऊक. तेही एकही पाकीट न फोडता, हे वर सांगणार. माणूस सरळ, मदतीला पहिला, पण समोरच्याचं वाक्य स्वतःच पुरं करायची वाईट खोड. डॉक्टरांनी नर्मदाकाकीला विचारावं, काय होतंय, आणि उत्तर द्यावं काकांनी. आम्हाला हसू यायचं.

सहा वर्षांपूर्वी पुण्याहून एक संशोधक आले होते. मच्छीमार गावातल्या बायका काय काम करतात, हा त्यांचा विषय. काका त्यांच्या मदतीला होते. पुढे एका नियतकालिकात लेख छापून आला आणि शेवटी आभारांत काकांचं नाव: स्थानिक मार्गदर्शक, श्री. गुरुदास चोपडेकर. ते पान प्लास्टिकच्या कव्हरात घालून काकांनी येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवलं. यंदा एम.ए.ला आम्हाला एका शोधनिबंधाचं चिकित्सक परीक्षण लिहायला सांगितलं, तेव्हा मी ऐटीत हाच लेख उचलला. चांगली परीक्षणं मूळ लेख छापणाऱ्या नियतकालिकाला पाठवू, असं मॅडम म्हणाल्या होत्या. घरचाच लेख, चार बरे शब्द लिहायचे आणि मोकळं व्हायचं, असा माझा हिशेब.

वाचायला घेतला आणि हबकलेच. चौसष्ट घरांचं सर्वेक्षण. निष्कर्ष काय, तर मासळीच्या धंद्यात देवबागच्या स्त्रियांचा सहभाग नगण्य. नगण्य! अहो, आमच्याकडे होडी किनाऱ्याला लागली की पुरुषाचं काम संपलं. पुढे निवडायचं, खारवायचं, सुकवायचं, बाजारात बसून गिऱ्हाइकाशी घासाघीस करायची, सगळं बायांनी. आणि लेखाच्या शेवटच्या तक्त्यात बायकोच्या कामाच्या रकान्यात घरामागून घर एकच उत्तर, ‘काही नाही’. सत्तावन्न वेळा. मी बोट ठेवून पुन्हा मोजलं. त्याहून खटकली ती भाषा. चौसष्ट कुटुंबांची उत्तरं, पण सगळी एकाच तोंडून आल्यासारखी. ते तोंड ओळखीचं वाटायला लागलं.

मी तडक काकांकडे गेले. ते ओट्यावर पेपर वाचत होते.

“काका, हे फॉर्म कोणी भरले?”

“मीच. सायबाक उनाचो ताप इलो, पडान होते बापडे. म्हटलंय, तुमी आराम करा, मी भरतंय.”

“घरोघर जावन?”

“घरोघर जावक कित्या होया? हयसरच वट्यार बसान दोन दिसांत संपवलंय. हाताच्या कांकणाक आरसो कित्या? पस्तीस वर्सां त्या घरांनी जातंय मी.”

“आणि बायकांच्या फुडे ‘काही नाही’?”

“नोकरी नाय, दुकान नाय. मगे काय लिवतलंय?”

इतक्या प्रेमळ माणसाने इतक्या शांतपणे सत्तावन्न बायका पुसून टाकाव्यात! मी रागाने सांगून टाकलं की परीक्षणात हे लिहिणार, उत्तरं चौसष्ट घरांची नाहीत, एकाच माणसाची आहेत. काकांचा चेहरा उतरला.

“ता लिवू नको गो. आयुष्यात एकदा नाव छापून इला माझा.”

तेवढ्यात काकी बाजारातून आली. रिकामी टोपली खाली ठेवून तिने विचारलं, “काय झाला गो?” आणि मी, मूर्खासारखी, तिच्या हातात लेखच दिला. तिने तक्त्यावरून बोट फिरवत नेलं आणि थांबवलं. घर क्रमांक एकतीस, कुटुंबप्रमुख निवृत्त पोस्टमन. गावात पोस्टमन एकच. पुढे, पत्नी, काही नाही.

काकीची जीभ अख्ख्या बाजाराला माहीत. आता ती कडाडणार, असं मला वाटलं. ती पायरीवर बसली फक्त. त्यांच्या दोन्ही मुलींचं नर्सिंग या बाईने विकलेल्या सुक्या बांगड्यांवर झालं, हे काका स्वतः कौतुकाने सगळ्यांना सांगत.

“सायबान लिवलेला असता तर हसान सोडलंय असतंय,” ती हळू म्हणाली. “तेका काय म्हायत? पण ह्या तुमी लिवलात.”

“अगो, फॉर्मात तसाच लिव...”

“त्या दिसा मी घरातच होतंय. वट्यार तुमका चाय आणून दिलंय. तेवां तरी इचारूक नाय सुचला?”

लेख पायरीवर ठेवून काकी उठून आत गेली. मला काकांची दया येत होती आणि रागही जात नव्हता. मग त्यांनी तो लेख उचलून माझ्या हातात परत दिला.

“लिव गो गौरजा. चौसष्ट घरांतल्या एकाय बायलमाणसाक इचारूक नाय. माझा नाव घालून लिव.” त्यांनी आतल्या दाराकडे बघितलं. “आणि ह्याय लिव, सोताच्या घरातल्याक सुदिक नाय.”