सगळे पॉइंट चिलखतात

मोबाइलवरच्या लढाईच्या खेळात आमच्या चौकडीतला टँक मी होते. टँक म्हणजे राक्षसापुढं उभं राहून सगळ्यांच्या वाट्याचा मार खाणारा. मागचे तोवर आरामात वार करतात. मोठ्या भावाला आणि त्याच्या दोन दोस्तांना तलवारी नि आगीचे गोळे हवे होते. मार खायला एकही बहाद्दर तयार नाही, म्हणून "तू होय वं" करून मला पुढं ढकललं.

पण त्या कामात माझा जीव रमला. शेवटच्या राक्षसापुढं पुन्हा पुन्हा हरलो, तेव्हा मी नीट बघितलं. त्याची गदा निम्माच जीव घेते, उरलेला जीव विषानं जातो. चिलखत गदा अडवतं, विष नाही. म्हणून साठवलेले सगळे पॉइंट मी विषापासूनच्या बचावात घालणार होते. दादाला तसं बजावलंही होतं.

मी कापूस वेचायला गेले आणि घरी चार्जिंगला लावलेला माझा मोबाइल उघडून दादानं सगळे पॉइंट चिलखतात ओतले. मला विचारलंसुद्धा नाही. माझं डोकंच फिरलं.

"चिलखत मजबूत पायजे," तो म्हणाला. "तुले काय समजते त्यातलं?"

हेच पेरणीच्या वेळीही ऐकलं होतं. बीटी सरकीच्या झाडातच अळी मारणारं विष असतं. तिच्या पिशवीसोबत साध्या सरकीचं पाकीट येतं, शेताच्या कडेनं लावायला. साध्या झाडांवर साध्या अळ्या जगल्या, की ते विष पचवणाऱ्या अळ्यांचंच राज्य होत नाही, म्हणून. दादानं ते पाकीट उकिरड्यावर भिरकावलं. "अळीले काऊन पोसायचं?" सगळं गाव वर्षानुवर्षं तेच करत होतं, मग माझं कोण ऐकणार!

संध्याकाळी लढाई झाली. गदेचं मला काही वाटत नव्हतं, पण विषानं मी बघता बघता मेले आणि माझ्यामागं ते तिघेही. हेडफोनमध्ये दोस्त ओरडले, "टँकच बेकार हाये बे!" दादा शेजारीच बसला होता. पॉइंट आपण टाकले, एवढं काही त्याच्या तोंडून निघालं नाही.

मी शेतातून ओटीत घालून आणलेलं कपाशीचं किडकं बोंड त्याच्यासमोर फोडलं. आत गुलाबी अळी वळवळत होती.

"हे बी मजबूतच होतं ना?"

"बियानंच बोगस निघालं," तो म्हणाला. मग मोबाइलकडं बघत हळूच, "उद्या पुढं राह्यशीन ना?"

"उद्या पुढं तू राह्य," मी म्हटलं. "तुह्ये पॉइंट मी टाकीन. तुले न इचारता."