हडपसरच्या बाईंची मजुरी

शनिवार पेठेत माझं ब्लाउज शिवायचं दुकान आहे. दुकान म्हणजे जिन्याखालची खोली. गिऱ्हाईक आत आलं की मला उठून उभं राहावं लागतं. दिवाळीच्या आधी हडपसरहून एक बाई आल्या. गाडी गल्लीत शिरेना म्हणून ड्रायव्हरनं त्यांना कोपऱ्यावर सोडलं होतं. मला वाटलं, लग्नाचं मोठं काम आलं. बाई म्हणाल्या, "ताई, मला शिवायला शिकवा. फी सांगाल ती देते."

"मी क्लास घेत नाही."

"मंग नुसती बसते. हुक लावीन, काजं करीन."

गळ्यात जाडजूड मंगळसूत्र आणि काजं करायची हौस! कुणी आपणहून राबायला आलं, की मी आधी त्याची चौकशी करते. त्यांची शेती बिल्डरला गेली होती आणि त्या जागी आता टॉवर उभे होते. बंगल्यात स्वयंपाकाला बाई, धुण्याला बाई, बागेला माळी. "पैसा लई हाय, ताई. पण हाताला काम न्हाई. जीव रमत न्हाई."

पैशात सुख नाही, हे मी आजवर पैसेवाल्यांच्याच तोंडून ऐकलंय. माझी पाठ संध्याकाळी जशी धरते तशी त्यांची धरत असती, तर हाताच्या कामात सुख असतं हे त्यांना सुचलंही नसतं. तरी मी त्यांना बसू दिलं, कारण हुक लावायच्या ब्लाउजांचा ढीग पडला होता.

माझी मुलगी आयटीत आहे. ती ऐकून हसली. "आई, सिंपल आहे. ती बुटीक काढणार. तुझं कटिंग शिकणार आणि तुझे कस्टमर उचलणार."

दुसऱ्या दिवसापासून मी कापड घरी बेतायला लागले.

"आता कापायचं घरी करता व्हय?" बाईंनी विचारलं.

"घरी उजेड बरा असतो," मी म्हटलं. आमच्या घरात भरदुपारी दिवा लावावा लागतो.

एकदा त्यांचाच शिवलेला ब्लाउज द्यायचं निमित्त करून मी हडपसरला गेले. बाई घरात नव्हत्या. यजमान सोफ्यावर बसून टीव्ही बघत होते. म्हणाले, "ती देवाला गेलीय. आता ते येड लागलंय तिला, दोन-दोन तास देवळात बसती." ते दोन तास त्या माझ्या दुकानात असायच्या. मी ब्लाउज ठेवला आणि निघाले. घरी खोटं सांगून येणारी बाई मला कशाला खरं सांगेल?

दुसऱ्या दिवशी मी तोंडावरच विचारलं. बाईंनी सुईवरून नजर काढली नाही. "दुसऱ्याच्या दुकानात हुक लावते म्हणलं, तर सोडतील का मला? घराण्याची अब्रू जाती म्हणं."

उत्तर पटण्यासारखं होतं. म्हणूनच मला ते आवडलं नाही.

पुढे माझ्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी काही आठवडे शिवणकाम बंद ठेवायला सांगितलं. लग्नसराई तोंडावर आलेली. बाई म्हणाल्या, "चावी द्या. नवं काम घेत न्हाई, हातातलं पुरं करते." बेतलेलं शिवायला त्या बघूनबघून शिकल्या होत्या. दुसरा इलाज नव्हता, दिली.

घरी बसल्यावर माझा जीव रमला नाही, असं सांगितलं तर छान वाटेल. पण तो चांगला रमला. लग्नानंतर पहिल्यांदाच मी दुपारी झोपले. चहा गरम असतानाच प्यायले. मुलगी म्हणाली, "दुकान बंदच कर. लागतील तेवढे पैसे मी देते." मला ते मनापासून पटलं. एका बारशाला आहेर करायचा होता, म्हणून तिच्याकडे पैसे मागितले. तिनं लगेच फोनवरून पाठवले. फक्त विचारलं, "कशाला गं?" प्रेमानंच विचारलं. मी सांगितलं. नंतर एकदा मला गजरा घ्यावासा वाटला, तर मी तो घेतलाच नाही.

दुकानाचा संशय मात्र जाईना. एका सकाळी न कळवता, काळा चष्मा लावून मी तिथे जाऊन उभी राहिले. आत एक निवृत्त शिक्षिका बाईंना झापत होत्या. "एक बाही कोपरापर्यंत, दुसरी त्याच्या वर. फॅशन आहे, की माझे हात लहानमोठे आहेत?"

बाई खाली मान घालून बाही उसवत होत्या. शिक्षिका गेल्यावर म्हणाल्या, "लई बोलल्या, ताई." डोळे भरले होते.

"मग येता कशाला? कुठंय यात सुख?"

त्यांनी डोळे पुसले. "एक मागू? मला मजुरी द्याल?"

आला मुद्दा, असं मला वाटलं. "बंगल्यात राहता आणि माझ्याकडे मजुरी मागता?"

"घरात लाख मागितले तरी मिळत्याल. पण मागावं लागतंय. कशाला पायजे ते सांगावं लागतंय. रान व्हतं तवा भाजी इकून आले, की सुटे पैसे माझ्याच कनवटीला असायचे. कुणी इचारत नव्हतं. रान गेलं, पैसा आला, अन् माझं मागणं सुरू झालं."

मी खुर्चीवर बसले. बाजारभावानं त्यांची मजुरी काढली आणि त्यातून बिघडलेल्या बाहीचे पैसे कापून घेतले. बाई हसल्या. म्हणाल्या, "कापा की. चुकलंय तर कापायलाच पायजे."

त्या निघाल्यावर मी दारातून बघत राहिले. आता कुठं जातात, कुणाला फोन करतात ते पाहायचं होतं. त्यांनी कोपऱ्यावरच्या हातगाडीवाल्याकडून एक पेरू घेतला, तिखटमीठ लावून मागितला आणि उभ्याउभ्याच सगळा खाल्ला. ड्रायव्हर दार उघडून ताटकळत होता.

आता मी दुकान सकाळचंच उघडते. दुपारची झोप काही मी सोडणार नाही. गेल्या महिन्यात बाईंनी मजुरी वाढवून मागितली. मी स्पष्ट नाही म्हटलं, तशा त्या यायच्याच बंद झाल्या. त्यांचं सुख हक्काच्या पैशात अडलंय हे मला कळलं होतं, आणि माझी गिऱ्हाइकं ब्लाउजांसाठी खोळंबली होती. शेवटी मजुरी वाढवते म्हणून सांगायला फोन मीच केला.