आप्पा येईपर्यंत पाचच

ये गं, अशी जवळ सरक. तू तिकडं लांब आहेस ते ठाऊक आहे मला, पण कागद तरी डोळ्यांजवळ धर, म्हणजे मी कानाशी बोलल्यासारखं होईल. काल फोनवर काय ते रडगाणं लावलं होतंस? "आजी, नाताळाला रजा मिळाली नाही, आईचा वाढदिवस हुकला." आणि मी तोंड उघडायच्या आत फोन ठेवून मोकळी! अशी कशी गं तू घाईची? हुकला म्हणून तुला कुणी सांगितलं? तुझ्या आईचा वाढदिवस हुकवणं इतकं सोपं नाही. ती सहा वर्षांची कशी झाली ते तुला ठाऊक नाही, म्हणून रडतेस.

ऐक आता. मध्ये उठू नकोस.

तुझी आई पंचवीस डिसेंबरची. एकाहत्तरची, लढाईच्या सालातली. तुझे आजोबा फौजेत गाडी चालवायचे. मी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आले होते, सांगलीकडं. लढाई थांबली असं रेडिओवर सांगितलं, पण आपलं माणूस कुठं आहे, कसं आहे, काही कळेना. तशात कळा सुरू झाल्या. वडलांनी बैलगाडीत कडबा पसरला, वर वाकळ टाकली आणि मला मिरजेला मिशनच्या दवाखान्यात आणलं. भल्या पहाटे नर्सबाया हातात मेणबत्त्या घेऊन गाणी म्हणत वॉर्डातून गेल्या, आणि त्यांचं गाणं संपतंय तोवर तुझ्या आईनं सूर लावला. तिला पुसून माझ्या कुशीत देताना नर्स म्हणाली, "बाई, मोठ्या दिवसाची, नाताळाची लेक आहे तुमची. हिच्या वाढदिवसाला सगळीकडे दिवे लागणार."

मला ते लय आवडलं. मी चौथीपर्यंतची बाई. पुढचं जे काय आलं ते पुडीचे कागद वाचून आलं. मला तारखेचं फार कौतुक. तिथंच ठरवलं, पोरीचा वाढदिवस तारखेनं करायचा.

पण सासरी, कराडजवळ आपल्या गावात, माझ्या सासूबाई होत्या ना. तुझ्या आईची आजी. मी त्यांना आत्याबाई म्हणायची. त्या म्हणाल्या, "देव काय क्यालेंडर बघून जल्माला घालतो व्हय?" त्यांच्या लेखी पोरगी पौषातल्या अष्टमीची, शाकंभरीचं नवरात्र बसतं त्या दिवसाची. आता ही अष्टमी म्हणजे कधी नाताळाच्या आसपास, तर कधी पार संक्रांतीच्या पलीकडं. मग दरसाल आमचं जुंपायचं. मी पंचवीसला शिरा करून ओवाळायची, त्या अष्टमीला हातावर गूळ-खोबरं ठेवून ओवाळायच्या.

"आवं आत्याबाई, एका पोरीला दोनदा वाढदिवस?"

"तू तुझा सायबाचा कर. मी माझा देवीचा करती."

तुझे आजोबा मात्र कशालाच नसायचे. त्यांच्या गाडीवर दोघं, एक हे आणि दुसरा केरळचा ख्रिश्चन गडी. दोघांना एकदम रजा नाही. लढाईत दोघं त्या गाडीतच झोपले, एका मगातून चहा प्याले. लेक झाल्याची तार पोचली तेव्हा इंग्रजी त्यालाच वाचता येत होतं. वाचली आणि हाच नाचायला लागला म्हणे, "माझ्या सणाला तुझी लेक आली!" त्याची म्हातारी आई घरी एकटी. नाताळाला तो आला नाही तर चूल पेटवायची नाही. मग यांनी शब्द देऊन टाकला, की दरसाल नाताळाला तू जायचं, गाडी मी सांभाळतो. तो महिना-दीड महिना जायचा, आणि यांची पाळी यायची ती थेट शिमग्याच्या सुमाराला.

मला हे सांगितलं ते रजेवर आल्यावर. दुसऱ्याच्या आईचा विचार करणारा माणूस, त्याला काय बोलायचं?

पण पोर थोडीच गप्प बसते. सत्त्याहत्तर साल. ही पहिलीत गेलेली. पंचवीसला मी पाट मांडला, भोवती रांगोळी काढली, तुपातला शिरा केला. ही दाराच्या चौकटीला धरून उभी.

"बस गं पाटावर."

"न्हाई."

"का न्हाई?"

"मी सहाची होत न्हाई. आप्पा आले की होईन. तवर पाचच."

शेजारची काकू शिऱ्याच्या वासानं आलीच होती. ती म्हणाली, "मग ह्यो शिरा आमी खावा का टाकावा?"

"खावा की. पाचच्या पोरीनं दिला म्हणून खावा."

काकू हसली, मीही हसले. पण तिच्याकडं बघितलं आणि हसू गेलं. हट्टानं रडणारं पोर असलं तर त्याला समजावता येतं. ही रडतच नव्हती. नुसती उभी होती. मी निरांजन उचललं आणि देवापुढं नेऊन ठेवलं.

आत्याबाई कोपऱ्यात हुलगे निवडत होत्या. मला वाटलं, आता मला टोमणा बसणार. तर त्यांनी सूप बाजूला केलं आणि पोरीला मांडीवर ओढलं.

"तुझ्या आईला काय कळतंय? तू खरंच अजून पाचची हाईस. तुझी अष्टमी कुठं आलीया? पौष तर लागू दे."

"तवर आप्पा येतील?"

आत्याबाईंनी माझ्याकडं बघितलं. मी खाली बघितलं.

"येतोय की," त्या म्हणाल्या.

पोर खेळायला गेली तशी मी म्हटलं, "आवं, कशाला कबूल केलंसा? त्यो जोडीदार आत्ताच घरी गेलाय. यांना रजा कुठली?"

"तुला लिवायला येतंय न्हवं? मग लिव. म्हणावं, अष्टमीला ये, न्हाईतर लेक पाचचीच ऱ्हाईल."

तसंच लिहिलं मी. एक अक्षर इकडंतिकडं केलं नाही.

गावाला कळायला काय वेळ लागतो! गिरणीत दळण टाकायला गेलं की गिरणीवाला हिला विचारायचा, "काय पोरी, झालीस का सहाची?" ही म्हणायची, "अजून न्हाई." शाळेत बाईंनी वय विचारलं तर उभी राहून "पाच." संक्रांतीला तिळगूळ हातात घेऊन मला विचारते, "ह्यो खाल्ला म्हणून वय वाढत न्हाई न्हवं?"

पत्राला उत्तर आलं नाही. मी मनात म्हणायची, आता अष्टमीलाही ही चौकटीला धरून उभी राहिली तर काय करायचं? मग कुठली तिथी काढायची?

अष्टमी उजाडली. तिळगुळाचा डबा अजून संपला नव्हता. आत्याबाईंनी देवीपुढं मेथी, घेवडा, गाजरं, हरभऱ्याचा डहाळा, असा मळाच मांडला. पाटही सकाळीच मांडून ठेवला. दुपारची एस.टी. आली, तिच्यातून खताची पोती उतरली आणि ती गेली. पोर पायरीवरची हलली नाही. उन्हं कलली तशी मी म्हटलं, "आत्याबाई, समजूत काढून ओवाळून घेऊ या का?"

"अष्टमी काय पळून चाललीया? दम धर की जरा."

दिवेलागणीची एस.टी. फाट्यावर थांबली. धुरळा बसला तसा एक माणूस दिसला, डोक्यावर काळी ट्रंक, हातात पत्र्याचा डबा. मला वाटलं, आता ही धावत सुटणार. तर ही उठली, वळली आणि घरात पळाली!

हे दाराशी येऊन टेकले. तोंड उतरलेलं. "लेक मला बघून पळाली व्हय?"

"पळाली न्हाई," मी म्हटलं, "सहाची व्हायला गेली."

आत बघितलं तर पाटावर मांडी घालून, हात गुडघ्यांवर ठेवून, ताठ बसलेली. हे तसेच, बूट काढून, धुळीच्या अंगानं समोर बसले. आत्याबाईंनी ओवाळलं, डोक्यावर कापूस ठेवला, "कापसावानी म्हातारी हो" म्हणाल्या. मग निरांजन माझ्या हातात दिलं. "आता तुझं राहिलेलं ववाळून घे," म्हणाल्या. मला ज्योत नीट दिसेना, असं पाणी आलं डोळ्यांना.

"झाले का मी?" तिनं विचारलं.

"झालीस गं बाई," हे म्हणाले.

तेव्हा कुठं ती यांच्या गळ्यात पडली.

डबा उघडला तर काळपट, जड असा केक. माझ्या पत्रातलं सगळं त्या जोडीदाराला तिकडं केरळात लिहून कळवलं होतं यांनी. त्यानं आपल्या आईला वाचून दाखवलं. म्हातारीनं त्याला पोटभर जेवू घातलं, हा डबा हातात दिला आणि रजा संपायच्या आतच परत लावून दिलं. म्हणाली, दरसाल माझा लेक घरी येतो तो त्या पोरीच्या बापामुळं. आता तिचा बाप घरी जाऊ दे.

आत्याबाईंनी केकचा वास घेतला. "ह्यात अंडं हाय काय रं?"

हे ट्रंकेची कडी चाचपायला लागले. देवीचं नवरात्र बसलेलं.

"बरं," आत्याबाई म्हणाल्या, "मी इचारलं न्हाई, तू सांगितलं न्हाईस. पोरीला दे." आणि तोंड फिरवून देवीपुढची मेथी सारखी करत बसल्या.

आता आत्याबाई नाहीत, तुझे आजोबाही नाहीत. पाट आहे, एक पाय जरा हलतो. तुझी आई माझ्याजवळच आहे. पंचवीसला शिरा खाल्ला तिनं, पण ओवाळू दिलं नाही. म्हणाली, "लेक येऊ दे, मग होते मोठी." या वयात, बघ! केसांचा कापूस झालाय, तरी खोड जात नाही.

तेव्हा रडू नकोस. पंचांग बघून ठेवलंय मी, अष्टमी अजून यायची आहे. तुझ्या साहेबाला सांग, आई माझ्यासाठी खोळंबलीय म्हणावं. दिवेलागणीच्या गाडीनं आलीस तरी चालेल, पाट सकाळीच मांडते. ये गं बाई, लवकर ये.