उसाचं वय ओळखणारी काच

मी काचेवर लेप चढवतो. म्हणजे नेमकं काय करतो, हे बायकोच्या माहेरी अजून कुणाला कळलेलं नाही. तिथं मी ‘चष्म्याच्या कंपनीत’ आहे. सुरुवातीला मी समजावून सांगायचो. आता सासूबाईंचा चष्मा सैल झाला की निमूटपणे स्क्रू पिळून देतो.

बारामतीच्या एमआयडीसीत आमची एक शेड आहे. तिच्यात स्टीलचं एक भलं मोठं पिंप आहे. त्यातली हवा उपसून काढायची आणि नखाएवढ्या काचेवर दोन प्रकारच्या ऑक्साइडचे थर आलटून पालटून बसवायचे. थर इतके पातळ, की आपला केस त्यांच्याशेजारी वडाचा बुंधा वाटावा. ते नीट बसले की ती काच उजेडातला एकच रंग आत सोडते आणि बाकीच्यांना दारातूनच परत पाठवते. अशा पाच-सहा काचा कॅमेऱ्याला बसवल्या, की आपल्या डोळ्यांना जे दिसत नाही ते त्याला दिसतं. कुठल्या काचेनं कुठला रंग सोडायचा, हे मी ठरवतो.

तर आमच्या भागातल्या एका साखर कारखान्याला (नाव विचारू नका, मला इथंच राहायचंय) हौस आली, की ड्रोन उडवून उसाचं वय ओळखावं. जुना ऊस आधी तोडायचा, कोवळा मागं ठेवायचा. आमच्या साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावून सांगितलं, “जमलं तर कॅमेऱ्याचं काम आपलं. नाही जमलं तर पुन्हा बारकोड वाचणाऱ्या यंत्रांच्या लाल काचा.” त्या लाल काचा मी सहा वर्षं केल्या होत्या. पुन्हा करण्यापेक्षा मी सासूबाईंच्या गल्लीत खरंच चष्म्याचं दुकान टाकलं असतं.

ऊस जून होतो तसा पानाचा हिरवेपणा उतरतो. तो फरक सगळ्यात आधी दिसतो तांबड्या रंगाच्या पलीकडच्या उंबऱ्यावर, जिथं आपल्याला दिसणारा उजेड संपत येतो. माझी काच नेमकी त्या उंबऱ्यावर बसायला हवी होती. पण उंबऱ्यावर म्हणजे कुठं? ते कळायला खात्रीच्या वयाचा ऊस हवा. मी कारखान्याच्या रजिस्टरातून इंदापूरकडचे चाळीस प्लॉट निवडले, लागणीच्या, म्हणजे ऊस लावल्याच्या, तारखांसकट, आणि उन्हातान्हात पानापानावर उजेड मोजायचं यंत्र धरत हिंडलो.

आकड्यांचा काही मेळच लागेना. सोळा महिन्यांचा ऊस आणि तेरा महिन्यांचा ऊस, दोघांची पानं जुळ्या भावांसारखी. मी यंत्र बदललं. काच तीनदा नव्यानं केली. पिंपातल्या हवेवर संशय घेतला. शेवटी स्वतःच्या पदवीवर घेतला.

चाळिसातला एक प्लॉट माझ्या मामाचा होता. मामांच्या ओसरीवर बसून मी रडगाणं गायलो, तर मामा हसून हसून खोकायला लागले.

“आरं येड्या, रजिस्टरातली तारीख खरी धरलीस व्हय?”

“मग?”

“लागण दसऱ्यानंतरची. लिवली आखाडातली. नोंद घ्यायला कारखान्याचा चिटबॉय येतो, चहा पितो, आपण सांगू ती तारीख टाकतो. तीन म्हयनं मागची सांगितली न्हाय, तर तोडणीची टोळी कधी यायची आपल्याकडं? पार उन्हाळ्यात?”

“सगळेच असं करतात?”

“न्हाय न्हाय,” मामा गंभीर झाले. “काहीजण चार म्हयनं सांगत्यात.”

आतून मामी म्हणाल्या, “सून बाळंत झाली त्याच्या दुसऱ्या दिवशी लागण झाली. बाया कमी पडल्या म्हणून मीच गेले की बेणं टाकायला.”

मला मामींच्या पायावर लोळण घ्यावीशी वाटली. पुढचे आठ दिवस मी एकाही पुरुषाला तारीख विचारली नाही. घरोघरी माजघरात बसलो आणि बारशी, जावळं, शेळीचं वेत यांवरून चाळीस लागणींच्या खऱ्या तारखा काढल्या. कुणी तीन महिने ढकलले होते, कुणी चार, आणि एकदोघांनी चक्क खरं सांगितलं होतं. आकडे सुतासारखे सरळ झाले. काच या खेपेला पहिल्या फटक्यात जमली.

प्रात्यक्षिक कारखान्याच्या सभागृहात झालं. समोर शेतकी समिती, मधोमध समितीचे अध्यक्ष आबा. पडद्यावर नकाशा: जून ऊस तांबडा, कोवळा हिरवा. सगळ्यात जुना म्हणून नोंदलेला एक मोठा प्लॉट पोपटासारखा हिरवागार उठून दिसत होता. “ह्यो कुणाचा?” असं कुणीतरी विचारलं आणि सगळे आबांना सोडून इकडंतिकडं बघायला लागले. त्यावरून मला कळलं कुणाचा ते.

“रजिस्टर काय म्हणतंय?” आबांनी विचारलं.

“सोळा महिने, आबा.”

“आन् काच?”

“तेरा.”

“मग काच तीन म्हयनं मागं हाय. घ्या की पुढं.”

“आबा, ती घड्याळ नाही.”

“रजिस्टरवर आमच्या सह्या हायत,” आबा शांतपणे म्हणाले. “काचेवर कुणाची हाय?”

सभागृहानं माना डोलावल्या. ‘काच रजिस्टरप्रमाणे दुरुस्त करून पुन्हा दाखवावी’ असा ठराव एकमतानं झाला. माझ्या नोकरीत इतकं एकमत मी पहिल्यांदाच पाहिलं. साहेब माझ्याकडं बघत होते आणि त्यांच्या नजरेत मला लाल काचांची रास दिसत होती.

बाहेर गाडीपाशी आबांनी मला गाठलं. खांद्यावर हात ठेवला.

“यंत्र मातुर झ्याक हाय तुमचं. उद्या सकाळी या. आमचं ऱ्हाऊ द्या. बांधापल्याड थोरल्या भावाचा ऊस हाय, त्यो तेवढा बघा. लई मिरवतोय सोळा म्हयनं म्हणून.”

भिगवणला चहाला थांबेपर्यंत आणखी चौघांचे फोन आले, चौघेही त्याच समितीतले. पाचवा मामांचा: “शेजारच्या तात्याचं बघून दे. आमचं काय, घरचंच हाय.” सहावा आबांच्या थोरल्या भावाचा होता.

साहेबांनी काम सोडलं नाही. ज्याला बघायचं असेल त्याच्या शेजाऱ्यावर आम्ही ड्रोन उडवत गेलो. पंधरा दिवसांत त्या भागातलं उसाचं सगळं क्षेत्र बघून झालं, आणि स्वतःचा ऊस एकानंही दाखवला नव्हता.