आत्यानं सरकवलेला सोमवार

माझ्या आत्याच्या हाती कारभार असता तर सूर्यालाही आठवड्याची सुट्टी मिळाली असती. मात्र बदली माणूस आल्याशिवाय त्याला मावळता आलं नसतं. कोल्हापुरातल्या एका फौंड्रीत ती कामगारांच्या पाळ्या लावते आणि घरीही तेच करते. लेकीच्या लग्नात आमटी वाढणाऱ्यांच्याही तिनं पाळ्या लावल्या होत्या. हात दुखले म्हणून मी बादली खाली ठेवली, तर मांडवाच्या दुसऱ्या टोकावरून ओरडली, "बदली आला का? न्हाय न्हवं? मग उचल की!" पाया पडायला वाकलेल्या नव्या जावयाला तिनं आशीर्वादाआधी विचारलं, "पावणं, तुमची शिफ्ट कंची?"

मग फौंड्रीत पाळ्या लावणारं सॉफ्टवेअर आलं. आत्या त्याला 'नवीन भरती' म्हणते. त्यात सुट्टी रविवारी होती. आमच्याकडं कारखाने बंद असतात सोमवारी. फौंड्रीच्या साहेबांनी सुट्टी सोमवारी नेली आणि खूश झाले. दर आठवड्याचा पाळीबदल मात्र रविवारीच राहिला. म्हणजे शनिवारची रात्रपाळी करून रविवारी सकाळी सुटणारा माणूस तिथंच पहिल्या पाळीला उभा राहणार, आणि झोपाळलेल्या डोळ्यांनी वितळलेलं लोखंड ओतणार. पुढचं ती साहेबांच्या आणि स्वतःच्या, दोन्ही आवाजांत सांगते.

"एकच दिवस आहे, मॅडम. ॲडजस्ट करतील. पाठवा हे वेळापत्रक सगळ्यांच्या मोबाइलवर."

आत्यानं माऊसवरचा हात काढून मांडीवर ठेवला. "आज रातभर तुम्ही जागा, साहेब. सकाळी ओतायला बी तुम्हीच. मी शेजारी हुभी ऱ्हातो. मग दाबतो बटण."

"वरून विचारलं तर तुमचं नाव सांगीन."

"सांगा की! आडनावासकट सांगा."

साहेब निघून गेले. आत्यानं एकेका टोळीचा पाळीबदल सोमवारवर आणला, आणि मगच बटण दाबलं. विश्रांती हा हक्क आहे, असं ठळक ठशात छापलेली पत्रकं वाचत मी वाढलो. तो हक्क नोकरी पणाला लावून कुणी खरंच मिळवून दिलेला मी पाहिला, तो माझ्याच घरात. याचा अभिमान मी लपवत नाही.

परवा सोमवारी तिला मोटरसायकलवर मागं बसवून गडमुडशिंगी गावात शिरलो. एका बंद दारासमोर हॉर्न वाजवला, तर पाठीत धपाटा बसला. "गप की! रात्रपाळीचा माणूस झोपलाय." त्यांच्याच फौंड्रीतला ओतारी. मी इंजिन बंद करून गाडी ढकलू लागलो. आत्या उतरून चपला न वाजवता शेजारून चालू लागली.

"हाच तुला खडूस म्हणतो ना?" मी हळूच विचारलं.

"म्हनू दे की. उठल्यावर."

ते दार मागं पडेपर्यंत ती गाडीवर बसली नाही.