उंबऱ्याबाहेर काकू

आमच्या घरात एक नियम होता. उंबऱ्याच्या आत आई, उंबऱ्याच्या बाहेर काकू. जिच्या पोटी मी जन्मले तिला अंगणात पाय ठेवला की काकू म्हणायचं, आणि शेजारच्या दारातल्या थोरल्या चुलतीला आई. चपला पायात सरकवता सरकवता मी तोंड बदलायला शिकले. ऐकणाऱ्याला गंमत वाटते. माझी मात्र आजही तळपायाची आग मस्तकात जाते.

कारण काय, तर माझा नंबर तिसरा. दोनाहून जास्त लेकरं असली की ग्रामपंचायतीला उभं राहता येत नाही असा कायदा, आणि माझ्या वडिलांना, म्हणजे तात्यांना, सरपंच व्हायचं होतं. मग कळा आईनं सोसल्या आणि दवाखान्यात नाव लागलं चुलतीचं. तिला एकच मुलगा होता, म्हणजे तिच्याकडं जागा शिल्लक होती म्हणे. काय तर एसटीतलं सीट! जेवायचे-झोपायचे मी आईपाशीच. चुलतीनंही मला जीव लावला, तिच्यावर माझा राग नाही.

गावाला सगळं ठाऊक होतं. कोल्हारजवळ प्रवरेच्या काठाला आमचं गाव, तिथं कुणाची म्हैस व्याली हेसुद्धा लपत नाही, तर मी काय लपणार? पण बोलायचं कुणी? सगळ्याच पुढाऱ्यांचे हात त्यात. एका पठ्ठ्यानं तर तिसरं पोर माझं नाहीच, असं निवडणुकीच्या साहेबापुढं शपथेवर सांगितलं. बायको शेजारी मान खाली घालून उभी. निकालाच्या दिवशी त्याच बायकोनं त्याला ओवाळलं. अरे, लाजा कशा वाटल्या नाहीत तुम्हाला? कायदा करणाऱ्यांना लेकरं कमी करायची होती. आमच्या गावात एक लेकरू कमी झालं नाही, नुसते आईबाप बदलले.

लहानपणी एकदा आठवडी बाजारात माझा हात सुटला. घाबरून मी “आई!” म्हणून भोकाड पसरलं. आई दोन हातांवर मिरच्या निवडत होती. ती वळली आणि आधी तिनं माझ्या दंडाला चिमटा काढला. दातओठ खात म्हणाली, “काकू म्हन.” घरी आल्यावर त्याच दंडाला खोबरेल चोळत रडत बसली.

तात्या सरपंच झाले. पंधरा ऑगस्टला शाळेत झेंडावंदन झालं की बक्षिसं त्यांच्याच हातून. चौथीत मला भाषणाचं पहिलं बक्षीस मिळालं. समोर विरोधी पॅनेलचे लोक खुर्च्यांवर बसलेले. तात्यांनी पेन हातात दिलं आणि माईकवरच विचारलं, “शाब्बास! कुणाची गं तू?” मी चुलत्याचं नाव सांगितलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. तात्यांनीही वाजवल्या. घरी आल्यावर म्हणाले, “लई हुशार हाय माझी पोरगी.” मी ते पेन त्यांच्यासमोर चुलीत टाकलं.

त्या दिवशी आई मध्ये पडली नसती तर मार खाल्ला असता. राग उतरल्यावर तात्या म्हणाले, “तुझ्या लग्नात कन्यादानाला मी आन् तुझी आईच बसू. तवर माझं राजकारण सरलेलं असंल.” त्या एका शब्दावर मी वर्षं काढली. मला दुसरं काही नको होतं. चारचौघांत, भर मांडवात, आईला आई म्हणायचं होतं.

लग्न ठरलं आणि सरपंचपदाला महिलांचं आरक्षण पडलं. झालं! तात्यांनी आईलाच उभं केलं. आई माझी कधी ग्रामसभेची पायरी चढली नव्हती, आणि आता चौकात हात जोडलेला तिचा फ्लेक्स. मी तात्यांना म्हटलं, “शब्द दिला होता तुम्ही.” ते म्हणाले, “एवढी निवडणूक जाऊ दे.” निवडणूक जाऊ दे! लग्न काय दर पाच वर्षांनी लागतं?

पत्रिकेत नाव चुलत्याचं छापलं. कन्यादानाला चुलता-चुलती बसले. आई समोर बायकांत अक्षता मुठीत धरून उभी होती. अक्षता टाकायच्या वेळेला तिचा हात हलला नाही, एवढं मी अंतरपाटाच्या कडेनं पाहिलं.

पाठवणीच्या वेळी तिनं घराच्या दारातून मला खूण केली. आत ये. आत गेले असते तर गळ्यात पडून पोटभर रडता आलं असतं. पण मी अंगणातून हलले नाही. म्हटलं, आयुष्यभर मी उंबरा ओलांडला, आज तू ओलांड. मोठ्यानं हाक मारली, “आई!”

आई धावत बाहेर आली, तिनं मला छातीशी धरलं. आणि तिच्या खांद्यावरून मला दिसला विरोधी पॅनेलचा माणूस, मोबाईल आमच्यावर धरलेला. तात्या खाकरले. आईनं मान वळवून पाहिलं. तिचे हात ढिले पडले. तोंडावर पदर घेऊन, मोबाईलला ऐकू जाईल अशा आवाजात ती म्हणाली, “सासरी गेल्यावर काकूला इसरू नको बाई.”

मी गाडीत जाऊन बसले.

आई निवडून आली. गुलालानं माखलेला तिचा फोटो तात्यांनी मोबाईलवर पाठवला, खाली लिहिलं होतं, “तुझ्या आईला दोन शब्द लिही.”

मी दोनच लिहिले. अभिनंदन, काकू.